२ फुटी गोड्या पाण्याची टाकी: या यादीतले कोणते मासे एकत्र राहतील?

नवी_टाकी

नमस्कार. २४ × १२ × १५ इंचांची काचेची टाकी मांडली आहे. तळाला दोन इंच खडी, वर दोन इंच रिकामी जागा, झाकण आहे. एअर पंपवर स्पंज फिल्टर चालू आहे. मासे अजून आणलेले नाहीत.

थेंबांच्या टेस्ट किटवर नळाचं पाणी असं येतं: पीएच ७.८, जीएच (पाण्याचा कठीणपणा) १४, केएच (पाण्यातलं कार्बोनेट) ९. हीटर नाही, तापमान २७ ते २८ अंश राहतं.

मनातली यादी: एंजल २, निऑन टेट्रा ६, टायगर बार्ब ४, गप्पी ६, फायटर १, छोटा गोल्डफिश १, आणि काच साफ ठेवायला सकर १.

यातले कोणते एकमेकांबरोबर राहतील आणि किती? निऑनसाठी पीएच कमी करायचं औषध वापरावं का? सगळे एकदम आणावेत की टप्प्याटप्प्याने?

तळपाणी

पाण्याचे आकडे दिलेत हे फार बरं केलंत, त्यामुळे नेमकं बोलता येतं.

आधी लिटरचा हिशेब. टाकी काठोकाठ धरली तर ७१ लिटर होते. पण दोन इंच खडी आणि दोन इंच रिकामी जागा वजा केली की पाण्याची उंची ११ इंच उरते, म्हणजे साधारण ५२ लिटर. मासे ठरवायचे ते या ५२ लिटरवर.

गोल्डफिश, सकर आणि एंजल या तिघांवर लगेच काट मारा. त्यांचा प्रश्न भांडणाचा नाही, पूर्ण वाढीचा आहे. साधा गोल्डफिश दुकानात दीड इंचाचा दिसतो, पुढे २० सेंटिमीटरच्या वर जातो. त्याला १८ ते २२ अंशांचं पाणी मानवतं. २८ अंशांत पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि त्याची गरज मात्र वाढलेली असते. शिवाय तो घाण प्रचंड करतो. ‘सकर’ म्हणून जे काळपट, ठिपक्यांचं पिल्लू मिळतं ते बहुतेक वेळा टेरिगोप्लिक्थिस जातीचं असतं आणि ३० ते ४५ सेंटिमीटर वाढतं. तुमच्या टाकीची रुंदीच ३० सेंटिमीटर आहे, त्याला वळता येणार नाही. एंजलची लांबी १५ सेंटिमीटर, पण वरखालचे पर धरले तर उंची २० च्या पुढे, आणि तुमच्याकडे पाणी आहे २८ सेंटिमीटर उंच. त्यात जोडी जमली की अंड्यांभोवतीचा सगळा परिसर ते राखतात. दोन फुटी टाकीत बाकीच्यांना पळायला कोपरा राहत नाही. मोठा एंजल निऑन गिळतो, तेही रागाने नव्हे. तोंडात मावेल ते त्याचं खाद्य.

टायगर बार्बचं दुखणं वेगळं आहे, तिथे स्वभाव आडवा येतो. चार हा त्यांच्यासाठी सगळ्यात वाईट आकडा. आठ-दहा असले की वर-खाली कोण हे ते आपापसांत ठरवत राहतात आणि इतरांकडे फारसं बघत नाहीत. चारच असले की सगळ्यात दुबळा सतत मार खातो आणि उरलेली ऊर्जा लांब पर असलेल्या, सावकाश पोहणाऱ्या माशांवर निघते. तुमच्या यादीत असे तीन आहेत: एंजल, गप्पी, फायटर. टायगर बार्ब हवेच असतील तर आठ-दहांसाठी स्वतंत्र तीन फुटी टाकी करा.

फायटर आणि नर गप्पीही एकत्र नकोत. गप्पीची रंगीत, फडफडणारी शेपूट पाहून फायटरला दुसरा नर समोर आल्यासारखं वाटतं. काही फायटर दुर्लक्ष करतात, पण कोणता करेल हे घेताना कळत नाही.

निऑन कोणालाच त्रास देत नाही, त्याला अडतं ते तुमचं पाणी. मूळचा तो मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यातला आणि २० ते २६ अंशांतला. जीएच १४ आणि २८ अंशांत तो काही काळ जगेल, रंगही दाखवेल, पण कायम ताणाखाली राहील आणि पहिल्याच आजाराला बळी पडेल.

उरले गप्पी. त्यांना असंच कठीण, अल्कलीधर्मी पाणी लागतं.

‘एका गॅलनला एक इंच मासा’ हा नियम कुठे वाचला असेल तर सोडून द्या. माशाचं वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. १२ सेंटिमीटरचा मासा ३ सेंटिमीटरच्या चार माशांएवढा नसतो, त्याच अंगलटीच्या ६४ माशांएवढा असतो. खाणं आणि घाण त्या मानाने.

शेवाळी

वरच्या सगळ्याला सहमत. पीएचच्या औषधाबद्दल स्पष्ट लिहितो, कारण नव्या टाक्यांत मासे मरण्याचं ते एक मोठं कारण आहे.

केएच ९ म्हणजे पाण्यात भरपूर कार्बोनेट आहे. पीएच डाउन टाकलं की आकडा ६.८ पर्यंत खाली येतो, कार्बोनेट ते आम्ल पचवून टाकतं आणि दुसऱ्या दिवशी आकडा पुन्हा ७.५ च्या वर. मग माणूस परत थेंब टाकतो. ७.८ चा स्थिर पीएच बहुतेक मासे सोसतात, पण रोजचा चढउतार कोणालाच सोसत नाही. शिवाय जीएच तसाच राहतो, म्हणजे निऑनची मूळ अडचण सुटतच नाही.

पाणी खरोखर मऊ करायचं तर आरओचं पाणी मिसळावं लागतं. निम्मं-निम्मं केलंत तर जीएच ७, केएच ४.५ होईल. पण मग प्रत्येक पाणीबदलाला तेच प्रमाण, कायमचं. पहिल्या टाकीला ही कटकट नको. नळाला जे पाणी येतं त्यात सुखाने राहणारे मासे निवडा.

तुमच्या आकड्यांसाठी माझी शिफारस: ६ नर गप्पी आणि ४ नर प्लॅटी. दोन्ही जातींत फक्त नर. मादी आली की पिल्लं दर महिन्याला येतात, आणि मादी नराचं बीज काही महिने साठवून ठेवते, त्यामुळे एकटी आणलेली मादीही पुन्हा पुन्हा विते. माद्या हव्याच असतील तर एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर नर एकाच मादीच्या मागे लागून तिला दमवून मारतात. पण मग वाढलेली पिल्लं कोणाला देणार हे आधी ठरवून ठेवा, ५२ लिटर भरायला फार वेळ लागत नाही.

मॉली सुचवत नाही. पाणी तिला याहून कठीणही चालतं, पण ती ८ ते १० सेंटिमीटर होते.

दोन_पर

नर गप्पींची टाकी बरोबर आहे, पण माझा एक आक्षेप आहे. लांब शेपटीचे शोभिवंत गप्पी पिढ्यानपिढ्या जवळच्या नात्यात वाढवलेले असतात. वाहतूक आणि नवं पाणी यात त्यांतले बरेच पहिल्या महिन्यातच जातात, आणि नव्या माणसाला वाटतं आपलं पाणी चुकलं. शिवाय सगळे मासे वरच्या-मधल्या थरात, तळ मोकळा.

मला तुमच्या आकड्यांवर हा मेळ जास्त पटतो: मधल्या थरात एक्स-रे टेट्रा (प्रिस्टेला) ८, वरच्या बाजूला हनी गुरामी एक किंवा नर-मादी जोडी, तळाला स्टर्बाई कोरी (तळाशी राहणारा, मिशांचा छोटा मासा) ६.

प्रिस्टेला साडेचार सेंटिमीटरचा, शांत, आणि टेट्रांमध्ये कठीण पाणी सोसण्यात सगळ्यात चिवट. टेट्रा म्हटलं की मऊ पाणी, याला हा अपवाद आहे. निऑनसारखा चमकत नाही हे खरं, पण पिवळा-पांढरा-काळा पर आणि तांबूस शेपूट, गडद तळावर सुंदर दिसतो. आठपेक्षा कमी घेऊ नका, तीन-चार असले की झाडामागे दडून बसतात. आणि टेट्रा म्हणून ब्लॅक विडो किंवा सर्पे गळ्यात मारले जातात, ते घेऊ नका. दोघांनाही इतरांचे पर कुरतडायची सवय आहे.

कोरीमध्ये स्टर्बाईच का? पांडा आणि पॅलिएटस यांना थंड पाणी लागतं, २८ अंशांत ते धापा टाकतात. स्टर्बाई २४ ते २८ मध्ये खूश असतो.

गुरामीत नाव नीट विचारा. हनी गुरामी ५ सेंटिमीटरच्या आसपास राहतो. त्याच सोनेरी-केशरी रंगात जाड ओठांचा गुरामी ‘सनसेट’ किंवा सरळ ‘हनी’ म्हणून विकला जातो. तो ८-९ सेंटिमीटर होतो, अंगाने जाड आणि बाकीच्या गुरामींशी कडक. निळ्या पट्ट्यांचा ड्वार्फ गुरामी दिसायला देखणा, पण त्याच्यात इरिडोव्हायरसचा आजार बराच आढळतो आणि त्याला औषध नाही. तो टाळा. फायटर आणि गुरामी एकत्र नकोत, दोघेही पृष्ठभागावर येऊन हवा घेणारे आणि तोच थर आपला मानणारे.

नवी_टाकी

खूप आभार. दोन_पर यांचा मेळ आवडला, तोच ठरवतो. मग काही शंका. तळाला साधी खडी आहे, हरभऱ्याएवढी, कोरीला चालेल का? सकर नाही तर काच कोण साफ करणार? आणि टाकी ‘सायकल’ करायची म्हणजे नक्की काय मोजायचं?

दोन_पर

खडी काढा. कोरी तोंड तळात खुपसून वाळू कल्ल्यांतून बाहेर टाकतो, तीच त्याची खाण्याची पद्धत. हरभऱ्याएवढ्या खडीत त्याला ते जमत नाही, धारदार कडांनी मिशा घासतात, आणि फटींत अडकलेलं अन्न कुजून तिथल्या जंतूंनी मिशा झडतात. बारीक, गोल कणांची वाळू घ्या. दीड इंच थराला साधारण १० किलो लागेल. बादलीत पाणी नितळ येईपर्यंत धुवा. ओल्या वाळूवर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहा. फसफसली तर तिच्यात चुना आहे, ती पाणी आणखी कठीण करील.

मासे यायच्या आधीच हे करा.

काच कोणताही मासा साफ ठेवत नाही. विष्ठा खाणारा मासा नसतो, आणि शेवाळ खाणाराही शेवटी विष्ठाच टाकतो. ‘अल्गी ईटर’ म्हणून जो पिवळसर, लांबट मासा मिळतो, जायरिनोकायलस, तो मोठेपणी शेवाळ सोडून दुसऱ्या माशांच्या अंगावरचा चिकट थर चाटायला लागतो. अजिबात नको. दिवा ६ ते ७ तासांवर ठेवा, टाकीवर थेट ऊन येऊ देऊ नका, काच मॅग्नेटने पुसा. जिवंत मदत हवी असेल तर दोन-तीन नेराइट गोगलगायी. गोड्या पाण्यात त्यांची पिल्लं जगत नाहीत, आणि तुमचं कठीण पाणी त्यांच्या शंखाला चांगलं. काचेवर पांढरे ठिपके, म्हणजे त्यांची अंडी, दिसतील तेवढी चालवून घ्या.

शेवाळी

सायकलचं सांगतो. हा भाग घाईने उरकू नका.

माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया येतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं बऱ्याच मर्यादेपर्यंत चालतं. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, स्पंजवर आणि वाळूवर वसतात, आणि वाढायला वेळ घेतात. नुसता फिल्टर चालवून ठेवला तर ते वाढत नाहीत, त्यांना अमोनियाचं खाद्य लागतं. तुमची टाकी आत्ता तशीच उपाशी चालू आहे.

तुमच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं का, ते पाहा. पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी विषारी भाग पीएच आणि तापमानाबरोबर वाढतो. २८ अंशांत पीएच ७.० ला तो एक टक्क्याहून कमी असतो, ७.८ ला सुमारे चार टक्के. किटवर आकडा तोच, पण तुमच्या टाकीत त्याचा मार सहापट.

कृती अशी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर आधी अँटिक्लोरीन टाका, नाहीतर जिवाणूच मरतील. मग शुद्ध अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर, पण प्रयोगशाळेच्या प्रतीचा. भेसळीचा नको. ५२ लिटरला २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) अमोनियासाठी साधारण ०.३३ ग्रॅम लागतो. एवढं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर होणार नाही, म्हणून ३.३ ग्रॅम नवसागर १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा आणि त्यातलं १० मिलिलिटर एका वेळी घाला.

दोन-तीन दिवसांनी एकदा अमोनिया मोजा. शून्याकडे आला की पुन्हा १० मिलिलिटर. काही दिवसांनी नायट्राइट चढेल, किटचा रंग अगदी गडद होईल, आणि बराच काळ तिथेच अडकल्यासारखं वाटेल. घाबरू नका. नायट्राइटवाले जिवाणू नेहमी मागे असतात. त्या काळात अमोनियाची मात्रा निम्मी करा. रात्री २ पीपीएम घातल्यावर २४ तासांनी अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य, असं सलग दोनदा आलं की टाकी तयार. याला तीन ते सहा आठवडे लागतात. कोणाच्या निरोगी, जुन्या टाकीतला वापरता स्पंज मिळाला तर वेळ बराच कमी होतो. बाटलीतले जिवाणू वापरायचे तर वापरा, पण बाटलीवर काय लिहिलंय यापेक्षा किटवर काय येतंय ते खरं माना.

तयार झाली की ८० टक्के पाणी बदला, साठलेलं नायट्रेट जाईल. त्यानंतर मासे एक-दोन दिवसांत आले पाहिजेत. उशीर होणार असेल तर जिवाणूंना १० मिलिलिटरचा खुराक चालू ठेवा.

स्पंज नळाखाली कधी धुऊ नका. पाणीबदलाच्या वेळी काढलेल्या टाकीच्याच पाण्यात दोनदा पिळा, तेवढं पुरे.

तळपाणी

आता मासे आणायचा क्रम. आधी आठही प्रिस्टेला एकदम. थव्याने राहणारे मासे दोन-दोन आणले तर आधीचे घाबरून आजारी पडतात. दोन आठवड्यांनी सहा कोरी. गुरामी सगळ्यांत शेवटी, आणखी दोन आठवड्यांनी, कारण जागा राखणारा तोच एक आहे. तो आधी आला तर सगळी टाकी आपली समजतो, नंतर आला तर रुळलेल्या घरात शिरतो. जोडी घेतलीत तर दोन बाजूंना दाट झाडं किंवा लाकूड असं लावा की एका टोकाकडून दुसरं टोक दिसणार नाही. नर पाठलाग करतो तो दिसते तेवढ्याच जागेत.

एवढ्यावर ५२ लिटर भरले. नंतर ‘एकच छोटासा’ म्हणून काही घालू नका.

दुकानात मासा खाताना पाहिल्याशिवाय घेऊ नका. खपाटीला गेलेलं पोट, अंगाला चिकटवलेले पर, कल्ल्यांची भरभर उघडझाप, मीठ पेरल्यासारखे ठिपके, यांतलं काहीही त्या काचेत एका जरी माशावर दिसलं तर तिथला कोणताच मासा नको. दुकानात बहुतेक वेळा अनेक टाक्यांचं पाणी एकच फिरतं, म्हणून शेजारच्या काचाही बघा. कोरीच्या मिशा शाबूत आहेत का ते वाकून पाहा.

घरी आणल्यावर पिशवी बंद ठेवूनच १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगू द्या. मग उघडून दर पाच मिनिटांनी अर्धी वाटी टाकीचं पाणी आत घाला, चार-पाच वेळा. पिशवीत मासे बरेच तास असतील तर मात्र उघडल्यावर रेंगाळू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली गेलेला असतो. उघडली की तो वायू उडतो, पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया विषारी होतो. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. प्रिस्टेला जाळीने घ्या, पण कोरीला जाळी नको. त्याच्या परांचे काटे ताठ होऊन जाळीत अडकतात, सोडवताना पर फाटतो. मगाने उचला.

खाणं दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. कोरीसाठी बुडणाऱ्या गोळ्या दिवा बंद केल्यावर टाका, नाहीतर प्रिस्टेला वरच्या वर संपवतात. वरून पडलेल्या उरल्यासुरल्यावर कोरी जगतो ही समजूत त्यांना हळूहळू उपाशी मारते.

पाणी आठवड्याला २५ टक्के, म्हणजे १३ लिटर. वाफेने कमी झालेलं भरणं म्हणजे पाणीबदल नव्हे. वाफ होताना क्षार मागेच राहतात, आणि नळाच्या पाण्याने नुसती भर घालत राहिलात तर जीएच १४ वरून वर वर चढत जाईल.

नवी_टाकी

पहिल्या आठ माशांना वेगळ्या टबात ठेवायची गरज आहे का? आणि ठिपके दिसलेच तर?

दोन_पर

पहिल्या आठांना नाही. टाकीत दुसरं कोणी नसताना टाकीच त्यांचा विलगीकरण कक्ष. कोरी आणि गुरामी यांना मात्र हवा: २० लिटरचा प्लास्टिक टब, झाकण, लपायला पाइपचा तुकडा, आणि एक छोटा स्पंज जो आजपासूनच मोठ्या टाकीत ठेवून द्यायचा, म्हणजे वेळ येईल तेव्हा त्यावर जिवाणू तयार असतील. ठेवायचं चार आठवडे. वर दिलेलं दोन आठवड्यांचं अंतर हे किमान. टब असेल तर कोरी आणि गुरामी एकत्रच टबात ठेवून चार आठवड्यांनी आधी कोरी सोडा, थोड्या दिवसांनी गुरामी.

पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी माशाच्या कातडीखाली असताना औषधाला दाद देत नाही. तो पिकून गळतो, तळाला जाऊन फुटतो, आणि त्यातून निघालेली पिल्लं पाण्यात पोहत नवा मासा शोधतात. औषध लागू पडतं ते फक्त त्या पोहण्याच्या अवस्थेत. म्हणून ठिपके गेले की औषध थांबवणारे आठवड्याने पुन्हा तेच घेऊन येतात. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही बाटलीवर सांगितलेला पूर्ण काळ चालू ठेवा. तुमच्या २८ अंशांत हे चक्र चार-पाच दिवसांत फिरतं, त्यामुळे उपचार लवकर संपतो. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर त्या काळात काढून ठेवा, तो औषध शोषून घेतो. टेट्रा आणि कोरी मॅलकाइट ग्रीनला (ठिपक्यांच्या औषधांतलं रसायन) नाजूक असतात, बाटलीवर त्यांच्यासाठी कमी मात्रा दिली असेल तर तीच घ्या. एअर पंप पूर्ण जोरात ठेवा, कारण कोमट पाण्यात औषध पडलं की प्राणवायू आधी कमी पडतो.